ठकू कासारीण गप्प बसली तेव्हा

फार वर्षांपूर्वी, जेव्हा सावरघळीला मोटार येत नव्हती आणि आली असती तरी चढ बघून परत फिरली असती, तेव्हाची ही गोष्ट. मी काही ती डोळ्यांनी पाहिलेली नाही. माझ्या आजीनंही नाही. तिच्या सासूनं पाहिली होती, आणि ती बाई खोटं बोलायची ते फक्त स्वतःच्या वयाबद्दल. तेव्हा नीट मांडी घालून बसा. ते बाळ झोपलंय ना? झोपू दे. त्याच्याच झोपेचं सांगायचंय.

तर सावरघळीत एक ठकू कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती डोंगरातल्या वाड्यावस्त्या फिरायची आणि बायकांच्या हातात बांगड्या भरायची. टोपली मोठी होती, पण तिचा आवाज टोपलीपेक्षा मोठा. खिंडीत उभी राहून ती "बांगड्याऽऽ घ्या" म्हणाली, की खालच्या वस्तीत म्हशी पान्हा सोडायच्या, असं म्हणतात. त्या दिवशी गुरव देवळातली घंटा वाजवायचा नाही. म्हणायचा, "कशाला? देव कधीच उठून बसलेत."

आणि बोलणं! ठकू बोलायला लागली की मध्ये श्वास कधी घ्यायची हे कुणाला कळलं नाही. पण त्या बोलण्याला कारण होतं. काचेची बांगडी हातात चढवायची म्हणजे हात दाबावा लागतो, दुखतं. बाईला बोलण्यात गुंतवलं की हात सैल पडतो, आणि हात सैल पडला की बांगडी सुळकन आत. म्हणून ठकू बोलायची. मग ती सवयच लागली, आणि हात नसला समोर तरी बोलायची. रस्त्यानं जाताना बाभळीशी बोलायची. बाभळीचे काटे त्यामुळे बोथट झाले, असं म्हणतात. ते मात्र मला खरं वाटत नाही, कारण परवाच एक माझ्या पायात गेला.

तिची आणखी एक सवय होती. बांगडी हातात चढवण्याआधी ती दोन बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजवायची. किणकिण वाजली तर बांगडी चांगली. बद्द वाजली तर कुठंतरी केसाएवढी चीर आहे. डोळ्याला दिसत नाही, पण हातात गेली की फुटणार आणि मनगट कापणार. तसली बांगडी ठकू बाजूला टाकायची. तोंडानं गावभराच्या गोष्टी चालू आणि एक कान बांगडीवर.

आता कासारीण म्हणजे घराघरात जाणारी बाई. डोहाळजेवणाला बांगड्या, बारशाला बांगड्या. बाळंतिणीच्या खोलीत जिथं पुरुषाला मज्जाव, तिथं ठकू ऐसपैस बसलेली. त्यामुळे पोर झोपत नसलं की बायका सगळ्यांत आधी तिच्यापाशी रडायच्या. आणि ठकू बहुतेक वेळा हसायची.

"काय झालं न्हाई त्याला," म्हणायची. "लबाड हाय. घ्या पुन्हा झोळीत."

तेल्याच्या घरचं पोर असंच झोपेना. ठकूनं बघितलं तर आजी, आजोबा, दोन काका, तीन काकवा पाळीपाळीनं येऊन त्याच्या तोंडावर वाकून बघत होते, झोपलंय का म्हणून. ठकूनं सगळ्यांना अंगणात हाकललं आणि दाराला कडी घातली. पोर संध्याकाळपर्यंत ढाराढूर. तेल्याला वाटलं, बाईकडं मंत्र आहे.

पण एकदा लोहाराच्या तान्ह्या मुलीचं निराळं झालं. खांद्यावर घेतली की गप्प, आडवी टाकली की किंकाळी. घरच्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, त्या धुरानं लोहारच खोकून बेजार झाला. ठकू बोलता बोलता मुलीकडं बघत होती. मुलगी सारखा एकच कान ओढत होती, आणि अंग तापलेलं. ठकू एवढंच म्हणाली, "ही लबाड न्हाई. हिला खालच्या पेठेत डाक्टराकडं न्या." कान आतून पिकला होता. औषध घातलं, आणि मुलगी अशी झोपली की लोहारानं दोन दिवस भाता चालवला नाही.

"ठकूमावशी, तुला कसं कळलं कानाचं?" बायकांनी विचारलं.

"मला कुठं काय कळलं?" ठकू म्हणाली. "बांगडी बद्द वाजली तर चीर हाय, एवढं मला कळतं. चीर कुठं हाय ते उजेडात धरून बघाय लागतं. तो उजेड डाक्टराकडं."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता दुसऱ्या घरात चला. गावात सुभानबाबा नावाचे एक म्हातारे होते. शेती बरी, मिशी उत्तम, पण त्यांचं नाव पंचक्रोशीत झालं ते घोरण्यामुळं. बाबा दुपारी ओसरीवर आडवे झाले की माजघरातल्या उतरंडीची गाडगी एकमेकांवर वाजायची. एकदा बिबट्या गोठ्यात शिरला होता. बाबांचा पहिला घोर ऐकून तो दबकला, दुसरा ऐकून मागं सरला, आणि तिसऱ्याला शेपूट पायात घालून डोंगर ओलांडून गेला. तो अजून आला नाही, असं म्हणतात. सावरघळीनं त्या काळात कधी राखणदार ठेवला नाही. कशाला ठेवायचा?

आणि बाबांच्या घोरण्याची एक खास लकब होती. घोरता घोरता ते मध्येच थांबायचे. एकदम सामसूम. मग थोड्या वेळानं मोठ्ठा फुर्रर्र करून परत सुरू. गाव म्हणायचं, "बाबा विचार करतात." झोपेत विचार करणारा माणूस म्हणून त्यांना फार मान होता.

असे ते सुभानबाबा एका दुपारी झोपेतच गेले. गावाला सुतक लागलं ते लागलंच, पण वर झोपही लागेना. इतक्या वर्षांची सवय. शांततेनं माणसं दचकून उठायची. सगळ्यांत वाईट हाल बाबांच्या बायकोचे, आवडाबाईंचे. नवरा होता तोवर त्याच्या घोरण्यानं झोप नाही, आणि नवरा गेला तर घोरणं नाही म्हणून झोप नाही. बिचारी बांगड्या उतरवलेल्या मोकळ्या हातांनी भिंतीला टेकून बसलेली असायची.

पुढच्या वर्षी त्यांच्या सुनेला मुलगा झाला. सुनेचं नाव पारू, मुलाचं नाव आजोबांचंच, सुभान. पोर सहा-सात महिन्यांचं झालं आणि एका दुपारी झोळीतून आवाज आला. घुर्रर्र... घुर्रर्र... मग सामसूम... मग फुर्रर्र!

आवडाबाई पिठाच्या हातांनी अंगणात धावल्या. "आले! आले गं बाई, आले!"

"कोण आले?" शेजारीण म्हणाली.

"हे आले!"

झालं. गाव लोटलं. सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. तोच घोर, तीच लकब, तोच विचार. बाबा परत आले याबद्दल कुणाला शंका राहिली नाही. गावातले थोर पंच गणूतात्या यांनी तर झोळीला दंडवत घातला.

पण यात पंचाईत झाली पारूची. पोर जर खुद्द सासरा, तर सासऱ्यासमोर डोकं उघडं कसं ठेवायचं? तिला पदर घ्यावा लागला. नाव तर घ्यायचंच नाही. अंगावर पाजताना डोक्यावर पदर ओढून ती म्हणायची, "मामंजी, दूध घेताय ना?" लंगोट बदलायचा तर तोंड फिरवून, चाचपडत. एकदा तिनं घाईत लंगोट बाबांच्या डोक्याला बांधला. आवडाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. ह्यांना फेटा आवडायचाच."

झोळीला बाबांची तंबाखूची चंची बांधली. गणूतात्या रोज दुपारी बांधाबांधावरची भांडणं घेऊन यायचे. "बाबा, बांध माझा का त्याचा?" म्हणून विचारायचं आणि ऐकायचं. घोर आला की होकार. थांबला की विचार. एकदा बाबांनी इतका वेळ विचार केला की तात्यांनाच घाम फुटला. मग पोर अंगभर दचकलं, फुर्रकन श्वास ओढला, आणि तात्या टाळी वाजवून म्हणाले, "पटलं! बाबांना पटलं!"

पारूला मात्र काही पटत नव्हतं. पोर झोपायचं, पण झोपेत मान मागं टाकून, तोंड वासून. हिवाळ्यातसुद्धा झोळी घामानं भिजायची. दिवसभर किरकिर. दूध ओढता ओढता सोडून द्यायचं आणि तोंडानं श्वास घ्यायचं. वर्ष उलटून गेलं तरी हातापायाच्या काड्या, आणि पाऊल टाकायचं नाव नाही.

ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, ह्याला... ह्यांना घाम लई येतो."

"ह्यांना यायचाच. उपरणं पिळून वाळत घालायची मी."

"दिवसा किरकिर करतात."

"सवभावच तापट."

"अंगाला काय लागत न्हाई."

"सोमवार धरायचे, शनिवार धरायचे. कसं लागंल?"

"अजून चालत न्हाईत."

"ह्यांना चालायचा कंटाळाच! पाणंदीपातूर जायचं तरी घोडं लागायचं."

पारू नवऱ्याकडं गेली. नवरा हैबती, साधा माणूस. तो म्हणाला, "अगं, बापाला डाक्टराकडं न्यायचं म्हंजे मी आधी बापाला इचारलं पायजे." आणि खरंच जाऊन झोळीपाशी उभा राहिला. आतून अर्धा घोर आला आणि थांबला. आता हा होकार म्हणायचा की विचार, तेवढं त्याला ठरवता आलं नाही, म्हणून तो गुरं घेऊन गेला.

असं म्हणतात, की आजारपण पोराच्या अंगात होतं आणि आजोबांची कीर्ती त्याच्यावर पांघरूण घालून बसली होती. जे दिसायचं ते दिसत होतं, पण सगळ्यांना ते ओळखीचं वाटत होतं. आणि ओळखीच्या गोष्टीची भीती कोण घेतो?

मग संक्रांत आली. पोराचं बोरन्हाण करायचं ठरलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. यावरही वाद झाला. बाबांसारख्या वडीलधाऱ्याच्या डोक्यावर बोरं ओतावीत की नाही? गणूतात्यांनी झोळीला विचारलं. घोर आला. परवानगी मिळाली.

त्या दुपारी घर बायकांनी भरलं. ठकू कासारीण पलीकडच्या डोंगरावर नऊ-दहा महिने लेकीकडं होती, ती त्याच दिवशी परतलेली. खिंडीतून तिची हाक आली तेव्हा ओसरीवरच्या बोरांची टोपली आपोआप कलंडली, असं म्हणतात. ती आली, टोपली उतरवली, पारूचा हात हातात घेतला आणि सुरू झाली. लेकीचं घर, जावयाची म्हैस, म्हशीचा रुसवा. बायका पोट धरून हसत होत्या. बाजूला झोळीत पोर हलव्याचा मुकुट घालून घोरत होतं, आणि आवडाबाई दोरी ओढत होत्या.

ठकूनं दोन बांगड्या वाजवल्या. किणकिण. चांगल्या. बोलत बोलत पारूचा हात दाबला, आणि त्याच वेळी झोळीतला घोर थांबला.

एक बांगडी चढली. झोळीत आवाज नाही.

दुसरी चढली. आवाज नाही.

तिसरी अंगठ्यापाशी आली, आणि ठकू गप्प बसली.

अहो, ठकू गप्प बसली! जावयाची म्हैस अर्ध्या रुसव्यात तशीच उभी राहिली. बायका हसायच्या थांबल्या. अंगणातली पोरं बोरं सोडून दारात आली. जात्यावरची बाई थांबली, जातं थांबलं. ओढा जरा वेळ वाहायचा थांबला, असं म्हणतात. रानातून माणसं धावत सुटली, कारण ठकूचा आवाज बंद म्हणजे ठकू गेली. एकजण तर येताना बांबू घेऊन आला.

त्या शांततेत सावरघळीनं पहिल्यांदा ऐकलं. घोरणं नाही, तर मधलं ते. काहीच नसलेलं. पोराची छाती वर ओढली जात होती, बरगड्या आत जात होत्या, आणि तोंडातून श्वास काही येत नव्हता.

"बाबा विचार करतात," गणूतात्या कुजबुजले.

ठकूची बोटं आवळली. तिसरी बांगडी पारूच्या हातावरच तडकली. तेवढ्यात पोर दचकलं, फुर्रर्र करून श्वास आला, आणि सगळ्यांनी हुश्श केलं. ठकूनं केलं नाही.

"बद्द वाजतंय," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आलेला कुणी कधी ऐकला नव्हता. "तात्या, हा इचार न्हाई. हे पोर गुदमरतंय."

"ठकूबाई, तोंड सांभाळ. पोर न्हवं, बाबा हायेत."

"असू देत की बाबा! मी कुठं न्हाई म्हणतीया? मग बाबा गुदमरतायत. सासरा गुदमरला तर डाक्टराकडं न्यायचा का त्याच्या डोक्यावर बोरं वतायची?"

तात्यांनी वाट बदलली. ते म्हणाले, "बाबांनी हयातीत कधी सुई टोचून घेतली न्हाई."

"मग कसे गेले बाबा?" ठकूनं विचारलं. ती तोऱ्यात बोलून गेली. तिला वाटलं नव्हतं याचं उत्तर कुणाकडं असेल.

पण झोळीची दोरी थांबली. आवडाबाई दोरीकडं बघत होत्या.

"दुपारीच," त्या म्हणाल्या. "घोरता घोरता थांबले. मी म्हणलं, इचार करतायत. तेवढीच घटकाभर शांतता मिळाली म्हणून मी पडले जरा. डोळा लागला माझा. किती वर्सांनी लागला होता." त्यांनी आपले मोकळे हात एकमेकांत धरले. "उठले तर अजून शांतच."

आवडाबाई उठल्या. झोळीत हात घालून त्यांनी पोराला उचललं, मुकुटासकट, आणि पारूच्या खांद्यावर उभं दिलं.

"हैबती," त्या म्हणाल्या, "गाडी जुंप."

"आये, पण दृष्ट काढून..."

"गाडीत बसून काढीन मी दृष्ट! जुंप म्हणलं ना!"

आणि आवडाबाईंनी घाट उतरताना खरंच गाडीत बसून दृष्ट काढली. अर्धं मीठ बैलांच्या पाठीवर सांडलं.

बैलगाडीच्या मागं अख्खं गाव. पारूनं पोराला खांद्यावर उभं धरलं होतं, कारण तसं धरलं की श्वास जरा बरा यायचा. ठकू तिच्या शेजारी, कान पोराच्या पाठीला लावून. घोर थांबला की ती पारूला कोपरानं ढोसायची, पारू पोराला हलवायची, श्वास यायचा. सगळा घाट ठकू एक शब्द बोलली नाही. बैल सारखे वळून बघत होते. असं म्हणतात, वाटेतल्या बाभळींनी तिची चौकशी केली.

खालच्या पेठेतले डॉक्टर जेवायला उठत होते. दारात बघतात तर गाव. सगळे एकच ओरडतायत, "आमच्या बाबांना वाचवा!"

"पेशंट कुठाय?" डॉक्टर म्हाताऱ्याला शोधायला लागले.

"हे काय," म्हणून गणूतात्यांनी हलव्याचा मुकुट घातलेलं पोर दाखवलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "वय काय?"

"पंच्याहत्तर," तात्या म्हणाले.

"सव्वा वर्ष," पारू म्हणाली.

"नाव?"

आता आली का पंचाईत! सासऱ्याचं नाव घ्यायचं कसं? पारूनं पदर ओढला, मान खाली घातली. डॉक्टर पुन्हा म्हणाले, "बाई, मुलाचं नाव?" पारूनं पोराकडं बघितलं. त्याचे ओठ निळसर दिसत होते. तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला आणि सगळ्या गावासमोर खणखणीत म्हणाली, "सुभान! सुभान नाव हाय माझ्या पोराचं!"

गणूतात्यांनी कान झाकले. आवडाबाई म्हणाल्या, "मोठ्यानं सांग. त्यांना ऐकू आलं पायजे."

डॉक्टर चांगला माणूस होता. हसला नाही. हलव्याचे दागिने काढून त्यानं पोराला तपासलं, नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि मग एकेक विचारत गेला. पडसं नसतानाही रोज घोरतो का? मध्ये श्वास थांबतो का? झोपेत घाम? मान मागं टाकतो? वजन वाढत नाही? पारू प्रत्येकाला हो म्हणत गेली, आणि हो म्हणता म्हणता रडायला लागली, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला कुणी हे विचारत होतं.

"नाकाच्या मागं, घशाच्या वर मांस वाढलंय असं वाटतंय," डॉक्टर म्हणाले. "निजला की हवेची वाट बंद होते. मग तो गुदमरून अर्धवट जागा होतो, श्वास घेतो, परत निजतो. म्हणजे हे मूल झोपतच नाहीये. झोळीत पडून दिवसभर नुसतं श्वासासाठी झुंजतंय. खात्री मोठ्या दवाखान्यात होईल. चिठ्ठी देतो, आजच न्या. पडशानं चार दिवस नाक वाजलं तर घाबरू नका. पण असं रोज झालं तर थांबायचं नाही."

मग त्यांनी ठकूला विचारलं, "तुम्ही आजी का?"

"मी कासारीण," ठकू म्हणाली, आणि मग बांध फुटावा तशी लेकीचं घर, जावयाची म्हैस, रुसवा, घाट, सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टरांचं जेवण त्या दिवशी राहून गेलं, असं म्हणतात.

मोठ्या दवाखान्यात पोराचं ऑपरेशन झालं. शिमग्याच्या सुमाराला गाडी घाट चढून आली. गाव वेशीवर जमलेलं. पारूच्या कुशीत पोर झोपलं होतं. सगळ्यांनी कान दिला. घोर नाही, फुर्र नाही, काही नाही.

"गेले!" गणूतात्यांनी गळा काढला. "बाबा गेले!"

"ओरडू नका, तात्या," पारू म्हणाली. "पोर झोपलंय."

तात्यांनी वाकून बघितलं. पोराचं तोंड मिटलेलं, छाती शांतपणे वरखाली. तात्या हळूच म्हणाले, "मग माझ्या बांधाचं काय?" तो बांध कुणाचा ते आजतागायत ठरलेलं नाही. दोन्ही घरं त्याच्यावर तूर लावतात.

पावसाळ्यापर्यंत पोर असं भरलं की झोळीची दोरी बदलावी लागली. एक दिवस ते चालायला लागलं, आणि चालत जाऊन त्यानं पहिलं काम काय केलं, तर तुपाचं गाडगं उपडं केलं. पारूनं पदर खोचला आणि "सुभान्या!" म्हणून त्याच्या ढुंगणावर एक चापट ठेवून दिली. आवडाबाई बघत होत्या. पारू घाबरली.

आवडाबाई म्हणाल्या, "माझीबी एक ठिव. लई वर्सांची ऱ्हायलीया."

त्यानंतर ठकू गावोगाव बोलावली जाऊ लागली. सगळ्यांना ती तेच सांगायची. पोर रडतं, रडू दे, पोरंच ती. पण आडवं टाकलं की किंचाळतं, निजून घामानं थबथबतं, श्वास अडकतो, अंगाला लागत नाही, तर कुणासारखं आहे ते बघत बसू नका. आजोबासारखं असलं तरी न्या.

आणि ठकू गेली कशी, तेही सांगते. एका घरी बारसं होतं. बांगड्या भरून झाल्या, बाळ पाळण्यात निजलं होतं, आणि ठकू खांबाला टेकून गप्प बसली. बायकांना वाटलं, ही बाळाचा श्वास ऐकतेय. कुणी हूं की चूं केलं नाही. दुपार कलली, पाहुणे ताटकळले, भात गार झाला. शेवटी आवडाबाई हळूच जवळ गेल्या, तिच्या नाकापाशी मोकळा हात धरला, आणि म्हणाल्या, "बायांनो, पोर बरं हाय. आपली ठकू गेली." त्या क्षणी गावातल्या सगळ्या बायकांच्या हातातल्या बांगड्या एकदाच किणकिणल्या, असं म्हणतात.

म्हणून सावरघळीत आजही बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायच्या आधी तीन बांगड्यांचं गप्प पाळतात. पाळणा हलवायचा थांबवतात. बाळाच्या आईच्या हातात एक बांगडी भरतात, दुसरी भरतात, तिसरी भरतात, आणि तोवर कुणी बोलत नाही, हसत नाही, हात हलवत नाही. पाळण्याशी ऐकायला कुणाला बसवतात? जी बाई इतर गावांत बारशाला दाराआड उभी राहते ना, तिला. जिच्या हातात बांगडी नाही, तिला. तिला मानानं पुढं आणतात, पाट देतात, कारण तिच्या हाताचा आवाज होत नाही.

तिन्ही बांगड्या चढेपर्यंत श्वास सरळ आला की ती बाई मान हलवते. एखाद्या वेळी नाही हलवली, तर नाव राहतं, पंगत राहते, आणि आधी गाडी घाट उतरते. दृष्ट काढायची असेल त्यानं गाडीत बसून काढायची.

पण बहुतेक वेळा मान हलते. मग आत्या नाव सांगते, तिच्या पाठीत धपाटे बसतात, आणि इतका वेळ तोंड दाबून बसलेल्या सगळ्या बायका एकदम बोलायला लागतात. असा गलका होतो की पाळण्यातलं बाळ उठून बसतं आणि खालच्या वस्तीत म्हशी पान्हा सोडतात. आणि दारातले म्हातारे एकमेकांना सांगतात, "चला, ठकू आली."